खडूची खाज

५ फेब्रुवारी

मावशे,

पोचले. खोली लहान आहे, पण खिडकी आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, म्हणजे मजाच मजा. हॉटेलात रिसेप्शनवर उभं राहून राहून पायांचे खांब झालेत. दिवसभर हसायचं, तेही दात दाखवून. 'फोनवर तू नुसती हं हं करतेस, काही सांगायचं असेल तर पत्र लिही' असा तुझा हुकूम होता, म्हणून हे पत्र. नाहीतर मी कुठली लिहिणारी!

माझा खडू कसा आहे? घरमालकापुढे 'कुत्रा' म्हणाले तर त्याने असं तोंड केलं जणू मी वाघ म्हणाले. सहा महिन्यांचा प्रश्न आहे. मोठी जागा मिळाली की नेतेच त्याला. तो पलंगावरच झोपतो हं, खाली घातलास तर रडतो. तुला कुत्री आवडत नाहीत हे मला माहीत आहे. पण आई गेल्यावर मला ठेवून घेतलंसच ना? तसंच हे आणखी एक समज.

तुझी ठकी


२१ मार्च

ठके,

तुझं ध्यान जिवंत आहे. खातं, भुंकतं आणि माझ्या शिवायच्या कपड्यांवर लोळतं. एका बाईंच्या नव्याकोऱ्या पडद्यावर पांढरे केस निघाले. बोलणी मी खाल्ली, तो शेपटी हलवत होता.

पण खाजवतो फार. पाय चाटून चाटून चहात बुडवल्यासारखे तपकिरी करून ठेवलेत. डोळ्यांभोवतीचे केस गेले, चष्मा लावलेल्या हेडमास्तरांसारखा दिसतो. पोट लालभडक. कानाला आंबलेल्या पिठासारखा वास. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. पिसवा असतील म्हणून मानेवर औषधाचे थेंब टाकले, फरक नाही. आता म्हणतात खाण्याचं बघू. दोन महिने एकच एक अन्न, बिस्किटाचा तुकडासुद्धा द्यायचा नाही.

दोन वर्षं तो तुझ्या आधीच्या खोलीवर होता. तेव्हा खाजवायचा का? कधीपासून, कोणत्या दिवसांत जास्त? डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम विचारायला सांगितलंय. आठवून लिही, घाईत लिहू नकोस.

मावशी


२ एप्रिल

मावशे,

माझ्याकडे असताना? छे! कधीच नाही. तुकतुकीत होता. मला वाटतं त्याला माझी आठवण येत असेल. कुत्री मनाला लावून घेतात, कुठेतरी वाचलंय मी. त्याच्याशी बोलत जा गं जरा. तू कामात असलीस की तासन् तास तोंड उघडत नाहीस.

इथे काम वाढलंय. बाकी पुढच्या वेळी.

ठकी


१६ जुलै

ठके,

खाण्याचं नाही. दोन महिने बिचाऱ्याने उकडलेला मासा आणि बटाटा खाल्ला, आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात दार लावून चोरासारखी जेवले. उपयोग शून्य. मग डॉक्टरीणबाईंनी मोठ्या दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कुशीवरचे केस काढले, पेनाने खुणा केल्या आणि बारीक बारीक सुया टोचल्या. एकेका सुईत एकेक गोष्ट: गवत, बुरशी, परागकण, धूळ. थोड्या वेळाने एकच जागा टम्म फुगली, बाकीच्या गप्प. धुळीची.

म्हणजे नुसती धूळही नाही, धुळीतले किडे. डोळ्यांना दिसत नाहीत. गाद्या, उशा, पडदे, गालिचे यांत राहतात आणि आपल्या अंगाची झडलेली कातडी खातात. मला रागच आला. म्हटलं, "डॉक्टर, माझं घर दिवसातून दोनदा झाडलं जातं." ते म्हणाले, "राजवाड्यातही असतात हो. आणि झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाडलं की ते उडतात." म्हणजे जन्मभर मी त्यांना झोके देत होते.

तर आता घर ओळखायची नाहीस. गालिचा गेला. कापसाची गादी गेली, तुझ्या आईची आणि माझी, लग्नाआधी आम्ही दोघी तिच्यावर झोपायचो. आता फोमवर घट्ट खोळ घालून झोपते, कूस बदलली की कागदाचं पुडकं वाजावं तशी वाजते. खडू माझ्या खोलीत झोपत नाही, स्वयंपाकघरात लादीवर झोपतो. चार रात्री रडला, मग समजला. त्याची चादर दर आठवड्याला कढत पाण्यात. आंघोळ औषधी शाम्पूने, आणि फेस लावून दहा मिनिटं तसंच धरून बसायचं. तोवर त्याच्याशी बोलते. तुझीच तक्रार होती ना मी बोलत नाही म्हणून? जुने पडदे, सोफ्याची जुनी कव्हरं उसवायला घेणंही बंद केलं, त्यातून केवढी धूळ निघते. नवं कापड तेवढं शिवते. माझं निम्मं काम जुन्याचंच होतं, पण असू दे.

आता मुद्द्याचं. त्या किड्यांच्याच अर्काची लस असते. त्याच्या तपासणीवरून त्याच्यापुरती बनवून येते. कातडीखाली टोचायची, सुरुवातीला वरचेवर, मग तीन-तीन आठवड्यांनी. गुण यायला सहा महिने, कधी वर्ष. यायचाही नाही कदाचित. आणि आला तर बरं वाटलं म्हणून थांबवायची नाही, बहुतेक जन्मभर. मी टोचायला शिकेन. सुई धरण्यात जन्म गेला माझा. पण कुत्रा तुझा आहे. हो की नाही, ते तू सांग.

मावशी


९ ऑगस्ट

मावशे,

हो, हो, हो! अर्थात हो! तुझ्याइतकं कोण करणार गं त्याचं?

आणि आता खुर्चीत बस. मी लग्न करतेय. हॉटेलातल्या हिशेबखात्यात आहे तो. कमी बोलतो, मी दोघांचं बोलते. नोव्हेंबरात लग्न. दोन दिवसांचा कार्यक्रम आहे, तू दोन्ही दिवस हवीस, माझ्या बाजूचं दुसरं आहे कोण? फक्त खडूला आणू नकोस हं. सासूबाईंना केसांची शिसारी आहे आणि त्याचं सध्याचं रूप सुधारेपर्यंत त्यांनी त्याला न पाहिलेलं बरं.

घाईत,
ठकी


१२ डिसेंबर

ठके,

तू रागावली आहेस हे तुझं पत्र न आल्यावरून कळलं. रागाव. पण काय झालं ते ऐकून रागाव.

लग्नाच्या पहिल्या दिवशी दुपारी शेजारणीचा फोन आला, खडूला तिच्यावर सोपवून आले होते. खडूने मान झटकून झटकून कान फोडून घेतला होता. कानाच्या पाळीत रक्त साचून त्याचा फुगा झाला होता आणि भिंतीवर शिंतोडे. तिला घेरी यायला लागली. तुझ्या लग्नात उभं राहून कुत्र्याच्या कानाचं काय सांगायचं? म्हणून 'बरं वाटत नाही' म्हणाले आणि ताट तसंच ठेवून निघाले. संध्याकाळी त्याला टाके घालताना मी त्याचं डोकं धरून होते. दुसऱ्या दिवशी तुझ्या बाजूला कुणी नव्हतं हे मला माहीत आहे. तुझ्या सासरी म्हणे बोललं गेलं की मावशीला जावई पसंत नाही. पसंत आहे. गप्प माणूस आहे, मला गप्प माणसं चालतात.

आता जरा बरं ऐक. परवा दुपारी मशीन थांबवलं तर घरात आवाजच नाही. खाजवताना त्याचा पाय लादीवर आपटतो, तो ठकठक आवाज इतके महिने कानात बसलेला. तो नाही. मला वाटलं, मेला. जाऊन बघते तर चारी पाय वर करून झोपलेला, आणि पोटावर कोवळी पांढरी लव. बराच वेळ बघत उभी राहिले. रडले बिडले नाही, उगाच काही समजू नकोस.

मावशी


३ एप्रिल

मावशे,

लग्नाचं राहू दे आता, मी विसरले. तूही विसर.

आम्ही मोठ्या फ्लॅटमध्ये आलो, चौथ्या मजल्यावर. तीन खोल्या आणि माणसं नाहीतच. हा उशिरा येतो, सासूबाई त्यांच्या खोलीत टीव्हीशी बोलतात. माझी पाळी दुपारी संपते आणि मग संध्याकाळ खायला उठते. कधी कधी वाटतं, तुझ्या मशीनचा आवाज तरी असावा. मला माझा खडू हवाय. सासूबाईंना मी राजी केलंय, तो आता देखणा झालाय म्हटल्यावर तयार झाल्या.

हा रविवारी गाडी घेऊन येईल. त्याचं सामान बांधून ठेवशील? इतके दिवस तू केलंस, आता तुझी सुटका!

ठकी


१४ एप्रिल

ठके,

गेला तो. गाडीत चढला, खिडकीपाशी बसला, मागे वळून पाहिलं नाही. कुत्र्यांचं बरं असतं.

जावयांना सगळं सांगितलंय, ते मान डोलावत होते. पण मान डोलावणाऱ्यांचा मला अनुभव आहे, म्हणून तुलाही सांगते. लसीची बाटली फ्रीजच्या दारात ठेवू नकोस, आत ठेव. दर तिसऱ्या रविवारी, मानेमागची कातडी चिमटीत धरून टोचायची. तो हलत नाही, फक्त डोळे मिटतो. चादर कढत पाण्यात. पलंग नाही, गालिचा नाही. कान ओला राहू द्यायचा नाही. आणि तो बरा दिसतोय म्हणून यातलं काहीही सोडायचं नाही. तो बरा दिसतोय तो यानेच.

इकडे आता मोकळं झालं. जुन्या पडद्यांची कामं पुन्हा घेता येतील. बरंच झालं.

मावशी


२० मे

मावशे,

तुला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण खडू इथे ठणठणीत आहे! एकदासुद्धा खाजवलं नाही. महिना झाला, पाय पांढरेशुभ्र. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिथे त्या शिवणाच्या चिंध्यांमध्ये, जुन्या कापडांत ठेवल्यावर काय होणार?" आणि हा पण म्हणाला, जागेचाच फरक. वाईट वाटून घेऊ नकोस. तू काही मुद्दाम नाही केलंस. पण मलाही वाटतं, तुझ्या घरात उजेड कमी आणि कापड जास्त.

ते टोचणं मी बंद केलंय. धडधाकट जिवाला कशाला भोकं पाडायची? रात्री माझ्या पायाशी झोपतो. नवा गालिचा आणलाय, जाड, लोकरी. त्यावर असा ऐटीत पसरतो की फोटोच काढावा.

ठकी


२६ मे

ठके,

घाण माझ्या घरात होती, असं तुझ्या सासूबाई म्हणाल्या. ठीक. त्या मला ओळखत नाहीत. तू माझ्या या घरात आठ वर्षं जेवलीस.

आता माझा मान बाजूला ठेव आणि कुत्र्याचं ऐक. महिन्याभरात जागा बदलून हा रोग जात नाही. तो इथेच गेला होता, डिसेंबरपासून हळूहळू, हे मी तुला लिहिलं होतं. लस अंगात आहे तोवर तो बरा राहील. मग ती उतरेल आणि तुझा तो जाड लोकरी गालिचा आपलं काम करील. बाटली टाकली नसशील तर आज टोच. टाकली असशील तर कळव, मी नवी मागवून पाठवते. मला 'चूक झाली' वगैरे लिहू नकोस. फक्त टोच.

मावशी


३० जून

मावशी,

प्रत्येक चांगली गोष्ट तुझ्यामुळेच होते असं नसतं. माझं घर आहे, माझा कुत्रा आहे, मी लहान नाही. सासूबाई म्हणतात ते खरं आहे, तुला कुणाचं चांगलं झालेलं तुझ्याशिवाय बघवत नाही.

ठकी


११ नोव्हेंबर

ठके,

तुझं शेवटचं पत्र जूनचं. मी दोनदा लिहिलं, एकदा फोन केला, जावई म्हणाले तू झोपली आहेस. दुपारी चारला.

भांडण राहू दे. खडूचा कान कसा आहे, एवढं एका ओळीत कळव.

मावशी


८ जानेवारी

माझी लाडकी मावशी,

आधी गोड बातमी. तू आजी होणार! मे महिन्यात. पहिले तीन महिने इतकी मळमळ होती की पेन धरवत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. जूनचं ते पत्र फाडून टाक, मी तेव्हा वेडी झाले होते.

दुसरी बातमी, खडूला आम्ही एका फार चांगल्या कुटुंबाकडे दिलं. शहराबाहेर बंगला आहे, मोठी बाग, मुलं आहेत खेळायला. घरात बाळ येणार म्हटल्यावर शहाणपणाचं तेच होतं. तो खूश आहे.

आणि आता मुख्य. तू ये. वर्षभरासाठी ये. तुझ्यासाठी खोली रिकामी केलीय, खिडकीपाशी मशीन ठेवता येईल. मला बाळाला धरायचं कसं तेही माहीत नाही. आई असती तर तिला म्हणाले असते. आता तूच आहेस. तुझ्याइतकं कोण करणार?

तुझी ठकी


१५ जानेवारी

ठके,

वाचून मशीनवरून उठले आणि घरात उगाच चार फेऱ्या मारल्या. तुझी आई हवी होती आज. जपून राहा. उभं राहण्याचं काम सोड, हॉटेलवाले खुर्ची देत नसतील तर तसं सांग, मी येऊन बोलते.

त्या बंगलेवाल्यांचा पत्ता पाठव. भांडायला नको आहे. लसीची बाटली मागवून ठेवली होती, ती दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला चालत नाही. त्यांना पाठवते आणि कसं करायचं ते लिहिते. येण्याचं मग बोलू.

मावशी


२ फेब्रुवारी

मावशी,

पत्ता माझ्याकडे नाही. सगळं ह्याने बघितलं. त्याला विचारलं तर तो म्हणतो त्यांनी नंबर बदलला. तू किती ताणतेस गं! चांगल्या घरी आहे म्हटलं ना.

महिनाअखेरीचं तिकीट काढून पाठवू का? सासूबाईंशी बोलले आहे, त्यांची हरकत नाही.

ठकी


२७ फेब्रुवारी

ठके,

मी तुझ्या शहरात येऊन गेले. तुला कळवलं नाही, कारण मला तुझ्याकडे यायचं नव्हतं.

तुझ्या सुट्टीच्या दिवशी हॉटेलात गेले आणि जावयांना भेटले. त्यांच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांनी मला चहा दिला आणि स्वतः कपाकडे बघत बसले. मी विचारलं, "बंगला कुठे आहे?" त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "बंगला नाही. शहराबाहेर प्राण्यांचं आश्रयघर आहे, तिथे नेला."

"त्यांच्या हातात दिलात ना?"

"संध्याकाळी बंद होतं ते, मावशी. फाटकाला बांधला."

"परत नाही आणलात?"

"निघतानाच ती म्हणाली होती, परत आणू नकोस."

तिला सांगू नका, असंही म्हणाले. मी सांगतेय. एका घरात राहता, एवढं तरी दोघांना एकमेकांचं माहीत असावं.

तिथे गेले. सगळ्यात टोकाच्या पिंजऱ्यात होता. खरूज समजून बाजूला ठेवला होता. कातडी हत्तीसारखी जाड आणि काळी झालीय, केस पाठीवर तेवढे. फुटलेला कान आक्रसून सुकलेल्या पानासारखा. कुणी न्यायला तयार नव्हतं. फाटकाशी बांधलेला मिळाला तेव्हा ऑक्टोबर होता, असं तिथल्या बाई म्हणाल्या. म्हणजे माझ्या नोव्हेंबरच्या पत्राआधी. मी हाक मारली. त्याने माझा हात हुंगला आणि जाऊन मागच्या भिंतीला टेकून बसला. मला वाटलं होतं धावत येईल. मूर्ख आहे मी.

त्याला घेऊन निघाले तर दोन बसवाल्यांनी चढू दिलं नाही. एका टेम्पोवाल्याने मागे पोत्यांवर बसवलं. आता इथे आहे.

तुझ्याकडे राहायला मी येणार नाही. तिकीट काढू नकोस.

मावशी


१० मार्च

मावशी,

तू मला न भेटता गेलीस. माझ्या पोटात बाळ आहे आणि तू गावात येऊन कुत्रा घेऊन गेलीस.

तर मग ऐक. तो रात्रभर खाजवायचा. मला उलट्या, चादरीवर त्याचं रक्त, घरभर तो वास. सासूबाई म्हणाल्या, एक तर तो राहील नाहीतर मी. हा काहीच म्हणाला नाही, नेहमीप्रमाणे. मी तीनदा कागद घेतला, तुला लिहायला, की त्याला परत पाठवते. आणि तीनदा ठेवून दिला. कारण तू म्हणाली असतीस, 'सांगितलं होतं.' मला ते ऐकायचं नव्हतं. तेवढी ताकदच नव्हती.

आणि हो, तो आधीही खाजवायचा. माझ्या खोलीत असतानाही. दोनदा इंजेक्शन दिलं होतं, तेवढ्यापुरतं थांबायचं. तुला सांगितलं असतं तर तू ठेवून घेतला नसतास. सगळं झालं का आता तुझ्या मनासारखं?

एकच सांग. तुला कुत्रा जवळचा की तुझ्या बहिणीचं नातवंड?

ठकी


१९ मार्च

ठके,

तू बरोबर ओळखलंस. 'सांगितलं होतं' असं मी म्हणालेच असते. दारातच म्हणाले असते, त्याची दोरी हातात घेता घेता. वर्षभर म्हणत राहिले असते. आणि त्याला ठेवून घेतलं असतं. तो खाजवतो हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंस, तरी कटकट करून ठेवून घेतला असता. आठ वर्षं माझ्या घरात काढून तुला माझ्या तोंडाचा तेवढा अंदाज आला.

तेव्हाच कळलं असतं तर पिसवा आणि खाण्यात गेलेले ते महिने वाचले असते, असं मी लिहिणार होते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते सगळं तरीही करावंच लागलं असतं. म्हणून तेवढं लिहीत नाही.

नातवंड जवळचं. यात विचारायचं काय? आणि मी येत नाही ते कुत्र्यासाठी नाही. कुत्रा वर्षभर शेजारणीकडे ठेवता आला असता, ती तयारही आहे. मी आले असते, बाळाचं न्हाणं, दुपटी, जागरणं सगळं केलं असतं, मनापासून केलं असतं. आणि ते रांगायला लागलं की एक दिवस तू हसून म्हणाली असतीस, मावशी, तुझी सुटका! आणि मी माझी पिशवी घेऊन खाली उतरले असते आणि इथे येऊन तुला लिहिलं असतं, बरंच झालं. ते मला एकदा जमलं. पुन्हा जमणार नाही.

तुला राग असेल. मलाही आहे, आणि तो जायचं नाव घेत नाही. बाळ झालं की कुणाकडून तरी कळव. तू नको लिहूस, मी उत्तर देऊ शकेन असं वाटत नाही.

लस पुन्हा पहिल्या थेंबापासून सुरू केलीय. डॉक्टर म्हणाले, या खेपेला गुण येईलच असं नाही. कानाला हात लावला की चावतो. परवा माझ्या अंगठ्याला चावला, म्हणून अक्षर असं आलंय. गल्लीत गाडी थांबली की उठतो आणि शिलाई मशीनखाली जाऊन बसतो. मी त्याला ओढून काढत नाही. पाय वर घेऊन बसते आणि शिवणं थांबवते, तो निघेपर्यंत.

मावशी